चौतीस नावांचे घंगाळ

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे घंगाळ आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी थकले आहे. ऐंशीच्या घरात आले की कुणीही थकते. नळ फिरवला की गरम पाणी येते अशा घरांत तुम्ही वाढलात. त्यामुळे घंगाळ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तो तुमचा दोष नाही. परातीपेक्षा खोल, हंड्यापेक्षा पसरट, दोन्ही बाजूंना पितळी कड्या आणि खाली बैठक, असे आंघोळीच्या पाण्याचे भांडे म्हणजे मी. माझे तोंड चांगले हातभर रुंद आहे, पण बोलायची खरी वेळ आली तेव्हा त्यातून एक शब्द फुटला नाही. ती हकिगत सांगायलाच आज बसले आहे.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. पुंजा नावाच्या तांबटाने मला घडवले. पत्रा भट्टीत लाल करायचा, निववायचा, ठोकायचा, पुन्हा लाल करायचा, असे आठ दिवस चालले. शेवटी त्याने मला मठारले, म्हणजे छोट्या हातोडीने अंगभर एकसारखे ठोके देऊन चमक आणली. आजकाल यंत्रातून निघालेल्या भांड्यांवरही तसे ठोके उमटवतात. मला ते बघून हसू येते, पण जाऊ द्या. पुंजा आळीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक तर त्याच्या हातून चूक होत नसे, आणि दुसरे म्हणजे ही गोष्ट तो दिवसातून चार वेळा लोकांना ऐकवत असे.

भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची रीत तुम्ही पाहिली असेल. लग्नात तांब्या द्यायचा असो की पिंप, त्यावर देणाऱ्याचे नाव कोरून घ्यायचे आणि शेवटी ‘यांजकडून सप्रेम भेट’ असे घालायचे. लग्नसराईत पुंजा दिवसाला तीस-चाळीस भांड्यांवर हीच ओळ घाली. त्याला लिहिता-वाचता बेताचेच येत होते, पण ती ओळ त्याचा हात डोळे मिटूनही घालू शके. पुढचे सगळे महाभारत याच ओळीने घडवले.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सेहेचाळीस साली, पावसाळा सरताना शुशानबाई दुकानात आल्या. गावाबाहेरच्या एका दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. गोऱ्या, उंच, पांढरी साडी, पायात कापडी बूट. आळीतल्या निम्म्या पोरांची बाळंतपणे त्यांनी केली होती, त्यामुळे त्यांना सगळे ओळखत. त्या कुठल्या, हे मात्र कुणाला नीट माहीत नव्हते. कुणी इराणी म्हणे, कुणी ज्यू. शुशानबाई कुणाचेच खोडून काढत नसत.

“पुंजाभाऊ, भांड्यावर नाव घातलं की किती वर्षं राहतं?” त्यांनी विचारले.

“भांडं हाय तवर राहतं, बाई. मोडीत गेलं तरच पुसतं.”

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर चौतीस नावे लिहिलेली होती, पण ती लिपी पुंजाने जन्मात पाहिली नव्हती. सगळी अक्षरे आकड्यांसारखी आणि घोड्याच्या नालांसारखी. दुकानात मीच नवीकोरी होते. मला निवडून त्यांनी एवढेच सांगितले की ही नावे जशीच्या तशी घालायची, एक रेघही इकडची तिकडे नको. पुंजाला वाटले, दवाखान्यात कुणाचे तरी लग्न निघाले आहे आणि चौतीस जणांनी मिळून आहेर केला आहे. विचारायला काय झाले होते? पण त्याला विचारायची सवय नव्हती.

त्याची दहा वर्षांची लेक साळू कागद धरून समोर बसली. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तो छिन्नीने एकेक अक्षर माझ्या काठाखाली बसवत होता. अक्षर कळत नसले तरी पुंजाने खरोखर एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नाही. चौतिसावे नाव संपले. त्याने मान मोडली, जांभई दिली आणि हात थांबवायच्या ऐवजी सवयीने पुढे चालवला. मला प्रत्येक ठोका कळत होता. यांजकडून. सप्रेम. भेट.

दुसऱ्या दिवशी शुशानबाई आल्या. त्यांनी मला उजेडात धरले आणि बोट ठेवत एकेक नाव मनातल्या मनात वाचले. शेवटी त्यांचे बोट देवनागरी ओळीवर आले. त्यांना मराठी वाचता येत होते. त्या खाली बसल्या. पुंजा गोंधळला. काय झाले ते त्याला कळेना, आणि मग त्या दिवशी शुशानबाईंनी नाशिकात पहिल्यांदा कुणाला तरी खरे सांगितले.

त्या आर्मेनियन होत्या. दूर पश्चिमेला डोंगरातल्या एका खेड्यात त्यांचे घर होते. त्या नऊ वर्षांच्या असताना, एकोणीसशे पंधरा साली, तिथल्या सरकारचे शिपाई आले. गावातले पुरुष ओढ्याकाठी नेले आणि ते परत आले नाहीत. बायकापोरांना वाळवंटाच्या दिशेने चालवत नेले. ही माणसे आर्मेनियन आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा होता. वाटेत एकेक जण कमी होत गेला. शुशानच्या आत्याने चालता चालता पोरीकडून गावातली नावे पाठ करून घेतली, आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणतात तशी. “तू लहान आहेस, तू वाचशील, विसरू नकोस,” एवढेच ती म्हणे. मग आत्याही गेली. एका मुसलमान बाईने शुशानला दोन महिने धान्याच्या कणगीत लपवून जगवले. पुढे अनाथाश्रम, बसऱ्याचे बंदर, मुंबईची बोट, आणि शेवटी नाशिक. त्या गावचे दुसरे कुणी वाचल्याचे त्यांच्या कानावर कधीच आले नाही. एकतीस वर्षे त्या रोज मनात नावे म्हणत होत्या. पण महिन्यापूर्वी एका सकाळी एका चुलतभावाचे नाव आठवेना. दोन दिवस डोके आपटूनही आठवेना. पस्तीसची चौतीस झाली. म्हणून त्या धावत पुंजाकडे आल्या होत्या.

“मेलेल्या माणसांची नावं हायती ही?” पुंजाने विचारले.

“मारलेल्या,” शुशानबाई म्हणाल्या.

मित्रांनो, पुंजाने कपाळावर हात मारून घेतला. तो म्हणाला, “मी नवं घंगाळ घडवतो, बाई. हे वितळवून टाकतो. कागद कालच भट्टीत गेला, पुन्हा लिहून द्या नावं.” शुशानबाईंनी मान हलवली. “पुन्हा ती नावं लिहायची ताकद माझ्यात नाही, पुंजाभाऊ. राहू द्या.” आणि मला कडीला धरून त्या निघून गेल्या. त्यांनी पुंजाला बोल लावला नाही. रागावल्या असत्या तर त्याला सोपे गेले असते.

त्या गेल्यावर पुंजा लेकीला म्हणाला, “साळू, हे आळीत कुणाला सांगायचं नाय. माझ्या गळ्याची शपथ.” साळूने बापाच्या गळ्याला हात लावला. एवढीशी पोर, तिला काय कळणार की शपथ किती दिवस पुरते.

त्यानंतरची तेहेतीस वर्षे मी शुशानबाईंच्या खोलीत काढली. त्यांनी माझ्यात कधी कुणाला पाणी भरू दिले नाही. वर्षातून एकदा, एप्रिलच्या अखेरीस, चिंचेने मला घासायच्या आणि कोपऱ्यात ठेवायच्या. साळूचे लग्न झाले, ती पंचवटीत नांदायला गेली, तिची बाळंतपणेही शुशानबाईंनीच केली. जाण्याआधी त्यांनी मला साळूच्या हवाली केले. “सांभाळ. कधी कुणी विचारत आलं तर दाखव,” म्हणाल्या. कोण विचारत येणार होते पंचवटीत? शुशानबाई वारल्या, आणि मी साळूबाईच्या न्हाणीघरात आले.

तिथे माझे बरे चालले होते, खोटे कशाला बोलू? बंबातले कढत पाणी, पोरांचा दंगा, दिवाळीत उटण्याचा वास. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, काय सुरेख घंगाळ आहे. साळूबाई लगेच सांगायची, “माझ्या बापाच्या हातचं हाय. त्याच्या हातून चूक म्हणून होत नव्हती.” ती कोरीव ओळ मात्र ती नेहमी भिंतीकडे करून ठेवायची. मग भिंतीवर गीझर आला, खाली प्लॅस्टिकची बादली आली, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मध्ये दोन वर्षे माझ्यात मनीप्लँट लावला होता. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात हे घर सोडून नाशिकच्याच द्वारका चौकापुढे फ्लॅटमध्ये जायचे ठरले. साळूबाईची सून उज्वला सामान आवरत होती. नोकरी करून घर हलवायचे म्हणजे काय असते ते तिलाच माहीत. फ्लॅटमध्ये घंगाळाला जागा कुठून असणार? तिने मोडवाल्याला बोलावले. त्याने मला काट्याला लावले, साडेसहा किलो म्हणाला आणि पोत्यावर आडवे केले. साळूबाई तिथेच खुर्चीत बसून होती. ती जागी होती, तिला दिसत होते, आणि ती काही बोलली नाही. मला वाटले होते, ही तरी हाक मारेल. आता कळते की मी वितळले असते तर तिच्या बापाची चूकही वितळली असती. ओझे उतरायची एवढी सोपी संधी पुन्हा आली नसती. मी तिला दोष देत नाही, पण तेव्हा वाईट वाटले ते वाटलेच.

मला वाचवले ते तिच्या नातीने, वेदिकाने. ती डॉक्टरकी शिकायला आर्मेनियात, येरेवान शहरात आहे. आपल्याकडची बरीच मुले हल्ली तिकडे जातात. सुट्टीला घरी आलेली ती पोरगी चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. बसच्या पाट्या वाचता याव्यात आणि पेशंटशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून ती तिथली अक्षरे शिकली होती. ती पोत्याजवळ बसली आणि अडखळत वाचू लागली. “हागोप. मरियम. सरकिस. वार्तुही.”

शुशानबाई नावे मनात म्हणायच्या. मोठ्याने म्हटलेली मी कधीच ऐकली नव्हती. माझ्या अंगावर एवढी वर्षे कोण कोण आहे ते मला तेव्हा ऐकायला मिळाले.

“आजी, ही नावं इथे कशी आली?” वेदिकाने विचारले. साळूबाईने शुशानबाईंचे सगळे सांगितले, गाव, आत्या, कणगी, सगळे. फक्त शेवटच्या ओळीचे सांगितले नाही, आणि ती तर सगळ्याच भांड्यांवर असते म्हणून वेदिकानेही विचारले नाही. वेदिका रडायलाच लागली. दर वर्षी चोवीस एप्रिलला सारे शहर फुले घेऊन एका टेकडीवर जाते, असे ती म्हणाली. तीही गेली होती. तिथे मारल्या गेलेल्यांची आठवण जागवतात. माणसे लाखोंनी मारली गेली आणि कित्येक गावांची यादीसुद्धा उरली नाही. मोडवाला रिकामा परत गेला.

वेदिकाने माझे फोटो काढले आणि तिकडे परत गेल्यावर एका संस्थेला दाखवले. ही संस्था मारल्या गेलेल्यांची नावे गावागावाने जमवते. दोन महिन्यांनी उत्तर आले. शुशानबाईंच्या त्या गावातले एकही नाव त्यांच्याजवळ नव्हते. म्हणजे जगात त्या माणसांचा पुरावा एकच, तो म्हणजे मी. पण तिथल्या अभ्यासक बाईंनी मराठी ओळ कुणाकडून तरी वाचून घेतली होती. त्यांनी सभ्यपणे लिहिले होते की ही तर आहेराची ओळ दिसते. ज्यांनी सेहेचाळीस साली प्रेमाने भेट दिली, ती माणसे पंधरा साली मारली गेली असे कसे म्हणावे? ज्याने कोरले किंवा कोरताना पाहिले असे कुणी हयात आहे का?

हयात एकटी साळूबाई होती. फोनवर सगळ्यांना समोरासमोर बसवले. तिकडे त्या बाई आणि शेजारी वेदिका, इकडे फ्लॅटच्या हॉलमध्ये साळूबाई, उज्वला आणि कोपऱ्यात मी. त्या बाईंनी विचारले आणि वेदिकाने मराठीत सांगितले, “आजी, ती शेवटची ओळ कुणी घालायला सांगितली होती?”

मी वाट बघत होते. साळूबाईने पदर सारखा केला. “बाईंनीच सांगितली असंल,” ती म्हणाली. “माझ्या बापाच्या हातून चूक होत नव्हती.”

वेदिकाचा चेहरा उतरला. तिला ते भाषांतर करावे लागले. त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतले, आभार मानले, आणि फोन बंद झाला. माणूस खोटे नेहमी दुष्टपणानेच बोलतो असे नाही, मित्रांनो. बापाचे नाव राखायलाही बोलतो. ज्यांच्या आजे-पणज्यांनी ते गाव रिकामे केले, त्यांच्यातलेही कितीतरी जण अजून म्हणतात, आमच्या माणसांच्या हातून असे काही झाले नाही. सरकारेही म्हणतात. तिकडची गोष्ट केवढी मोठी, साळूबाईची केवढीशी. पण खाली दबलेली माणसे तीच चौतीस.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. संस्थेने माझी नोंद भेटवस्तूंच्या कागदांत करून टाकल्याचे वेदिकाने कळवले. साळूबाईचे जेवण कमी झाले. ती माझ्याजवळ पाट घेऊन बसायची. मला वाटायचे आज बोलेल, उद्या बोलेल. आणि मग एका रविवारी उज्वला झाडू मारताना सहज म्हणाली, “आई, आता देऊन टाकू का हे? नुसतं आहेराचं भांडं आहे म्हणतात ना ते लोक. मी किती दिवस याच्या भोवतीनं झाडू मारू?”

त्यात उज्वलाचे काही चुकले नव्हते. साळूबाईने पाट बाजूला सारला.

“वेदीला फोन लाव,” ती म्हणाली. “त्या बाईला बी बोलव म्हणावं.”

चार दिवसांनी पुन्हा सगळे समोरासमोर आले. साळूबाईने या वेळी पदर सारखा केला नाही. कागद कसा धरला होता, बापाने जांभई कशी दिली, हात कसा पुढे गेला, बाई खाली कशा बसल्या आणि ‘मारलेल्या’ हा शब्द त्या कशा म्हणाल्या, हे सगळे तिने एका दमात सांगितले. वेदिकाला मध्येच तिला थांबवावे लागत होते.

“आधी का नाही सांगितलंत, असं त्या विचारतायत, आजी.”

“बापाच्या गळ्याची शपथ होती. बाप गेला, बाई गेल्या. मीच एकली धरून बसले होते. त्या दिवशी मोडवाल्यानं नेलं असतं तरी मी गप्प बसणार होते, हे बी सांग त्यांना.”

तिकडच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग पुंजाचे नाव काय, गाव कोणते, धंदा कोणता, हे सगळे त्यांनी विचारून घेतले. कोरणाऱ्याचेही नाव नोंदीत जाणार होते. साळूबाईने ते दोनदा सांगितले आणि म्हणाली, “चुकीसकट लिहा.”

मागच्याच आठवड्यात पत्र आले. चौतीस नावे मारल्या गेलेल्यांच्या यादीत गेली. त्या गावाचे पान, जे आजवर कोरे होते, ते आता कोरे नाही. वेदिकाने फोनवर हे वाचून दाखवले तेव्हा साळूबाईने विचारले, “म्हंजी न्याय झाला का बाईंचा?”

“नाही गं आजी. नुसती नोंद झाली. ज्यांनी केलं त्यांच्याकडचे अजून मानतच नाहीत.”

“मानतील,” साळूबाई म्हणाली. “मला बी एकोणऐंशी वर्षं लागली.”

मित्रांनो, माझे सांगून संपत आले. तांबे आहे मी. कुणी मोडीत घातले नाही तर आणखी शंभर वर्षे या कोपऱ्यात बसेन, मला घाई नाही. घाई माणसांना असायला हवी. साळूबाई नव्वदीला आली आहे, हल्ली दुपारची बराच वेळ झोपते. ती बोलायच्या आधीच गेली असती, तर चौतीस माणसे आहेर देणारी म्हणून राहिली असती आणि मी काहीही करू शकले नसते. तुमच्या घरीही कुणीतरी म्हातारे काहीतरी धरून बसले असेल. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. पहिल्यांदा खरे सांगणार नाहीत. पुन्हा विचारा.